कर्नल हार्करचा माणूस

तस्कीनला सातवा महिना लागायला वीस दिवस उरले होते आणि झरीनचा पासपोर्ट अजून जमालच्या कपाटात होता. गोष्ट खरं तर एवढीच आहे. बाकी जे आहे तो नुसता राग आहे. राग झरीनचा, पण सांगताना सांगणाऱ्याचंही डोकं फिरतं, त्याला इलाज नाही.

पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, ही रीत काही झरीनने काढलेली नव्हती. सातव्यात आईने लेकीच्या सासरी जायचं, हिरव्या बांगड्या, नवे कपडे, गोडाचं ताट घेऊन. चार बायका जमतात, दुवा मागतात, आणि मग लेक आईच्या घरी येते ती बाळ मांडीवर घेऊनच परत जाते. तस्कीनला बाप नव्हता. मच्छीच्या बोटीवर छातीत कळ येऊन तो गेला, तेव्हा पोर नववीत होती. म्हणजे माहेर म्हणजे काय, तर झरीन. आणि झरीन मस्कतच्या अझैब्याला, जमालच्या घरात, आणि दिघीच्या खाडीकाठच्या तिच्या घराला कुलूप. म्हसळ्याहून तस्कीनची सासू फोनवर म्हणाली होती, की कुलपाला काय आम्ही माहेर म्हणायचं? बाई तोंडाची फटकळ, पण खोटं काय बोलली? मागच्या वर्षी तस्कीनचं एक गेलं होतं, चौथ्या महिन्यात. न्हाणीघरात एकटी होती पोर. तेव्हाही झरीनने जायचं म्हटलं, तर सफूरा म्हणाली होती, आता जाऊन काय उपयोग, जे व्हायचं ते झालं. हे वाक्य झरीनच्या मनात काट्यासारखं रुतून बसलं होतं. यावेळी ती लेकीच्या पोटातलं पोर रामभरोसे सोडणार नव्हती.

सफूरा म्हणजे जमालची बायको, आणि झरीनची नात्याने बहीण. आईच्या चुलत भावाची मुलगी. पावणेतीन वर्षांपूर्वी एका लग्नाला गावी आली, तेव्हा झरीनच्या ओट्यावर बसून तिने डोळ्यांना पदर लावला होता. तू काय परकी आहेस का? मस्कतला चल. माझ्या मेहविशला खाला मिळेल, तुझ्या तस्कीनच्या लग्नाचं होईल, दोन वर्षांत परत. झरीन भुलली. त्यात तिची चूक काय? सख्ख्यासारखी बहीण डोळ्यांतून पाणी काढून बोलावते म्हटल्यावर कोण कागद मागतं? आपल्या माणसांत कागद मागणं म्हणजे अविश्वास, आणि अविश्वास म्हणजे पाप. इथेच तर सगळे फसतात.

आली, आणि कामाला लागली. चार न्हाणीघरांचं घर, वर गच्ची, खाली पाहुण्यांचा राबता. सकाळी पाचला कणीक, दुपारी मासळी, संध्याकाळी इस्त्री. बाजूच्या बंगल्यात कामाला असलेल्या श्रीलंकेच्या बाईला शुक्रवारची सुट्टी असायची. ती छान तयार होऊन रुवीच्या बाजारात जायची. झरीनला सुट्टी नव्हती. कारण घरच्या माणसाला सुट्टी कसली? कोणी पाहुणी विचारायची, ही कोण? सफूरा झरीनच्या खांद्यावर हात ठेवून सांगायची, ही घरचीच आहे. पाहुणीला किती बरं वाटायचं. मग पाहुणी आत दिवाणखान्यात बसायची आणि घरची स्वयंपाकघरात जायची.

झरीनने लहानपणी गावच्या मदरशात अरबी अक्षरं गिरवली होती. अर्थ कळायचा नाही, पण वाचता यायचं. इथलं तिचं ओळखपत्र मिळालं त्या दिवशी तिने कार्डावरचे दोन शब्द अक्षर अक्षर लावून वाचले, आमिला मन्झिल, आणि कोपऱ्यावरच्या किराणावाल्या मलबारी भावाला विचारलं. तो म्हणाला, घरकामवाली. झरीनने कार्ड परत पर्समध्ये ठेवलं आणि दोन किलो कांदे घेऊन घरी आली. त्या दिवशी तिला राग आला नव्हता, नुसती लाज वाटली होती. राग यायला अजून वर्ष लागलं.

पासपोर्ट जमालने विमानतळावरच घेतला होता. दे इकडे, हरवशील. सांभाळून ठेवतो. सांभाळलाच म्हणा त्याने. असा सांभाळला, की दोन वर्षं झाली तरी हात लावू देईना. आधी म्हणाला रमजान होऊ दे, घरात इफ्तारला माणसं येतात, सफूराला एकटीला झेपणार नाही. रमजान झाला. मग सफूराचं पित्ताशयाचं ऑपरेशन. मग मेहविशची परीक्षा. दर वेळी जमाल गोड बोलायचा, आणि दर वेळी झरीनच्या तोंडाला पानं पुसायचा. आता नवीन निघालं होतं: जमातीची निवडणूक.

गावची जमात म्हणजे गावच्या माणसांचं मंडळ. गाव कोकणात, पण निम्मी पुरुषमंडळी मस्कतला, म्हणून जमातही इथे. कुणी इथे वारलं तर मयत गावी पाठवणं, मशिदीचं छप्पर, गावात बोअरवेल, सगळं जमात बघते. अध्यक्ष होणं हा मोठा मान. जमालचं बांधकामाच्या सामानाचं दुकान होतं, दोन गाड्या होत्या, आता तेवढा मानच मिळायचा राहिला होता. येत्या शुक्रवारी जुम्म्यानंतर जमातीची सगळी माणसं त्याच्या घरी जेवायला यायची होती. अकणी पुलाव, तळलेली सुरमई, सांदणं. कोण करणार? घरचीच.

रविवारी सकाळी जमाल दुकानाला निघाला तेव्हा झरीन दारात उभी राहिली. तिने सरळ सांगितलं, तस्कीनला सातवा लागतोय, मला जायचंय, पासपोर्ट द्या. जमाल थांबला, चावी बोटाभोवती फिरवत राहिला, आणि म्हणाला की निवडणूक होऊ दे, बदली बाई मिळू दे, मग बघू. झरीन म्हणाली, बाळ बदली बाईसाठी थांबत नाही. तर त्याने आवाज आणखी मऊ केला. जमाल कधी ओरडायचा नाही, हेच तर त्याचं वाईट होतं. म्हणाला, तू रागाच्या भरात कुठे एंबसीत वगैरे जाऊ नकोस हं, झरीन. घराबाहेर पडलीस आणि आली नाहीस, तर मला पळून गेली म्हणून कळवावं लागेल. माझ्या हातात नाही ते, नियम आहे. पूर्वी तर पेपरात फोटो यायचा. आपल्या गावची बाई, बरं दिसेल का?

आणि गेला की निघून. झरीनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पळून? कुणाच्या घरातून कोण पळतं? घरचं माणूस घरातून गेलं तर त्याला आपण पळालं म्हणतो का? ती आत आली, सुरमईचे तुकडे करायला घेतले आणि असे केले, की सफूरा डोकावून म्हणाली, अगं, मच्छी मेलेलीच आहे.

आता मेहविशचं सांगायला हवं. मेहविश बारा वर्षांची. पोरगी गुणी, पण मराठी तिचं लंगडं. शाळेत इंग्रजी, आईबापाशी इंग्रजी-हिंदी, आणि झरीनखालाशी जे काय जमेल ते. तिच्या शाळेत एक अमेरिकन टीचर होती. तिने प्रत्येकाला एकेक थोर माणूस वाटून दिला होता, त्याच्यासारखा पोशाख करून त्याची कहाणी सांगायची. मेहविशच्या वाट्याला आला टीचरच्याच गावचा एक जुना माणूस, कर्नल हार्कर. आपल्याला कुठला माहीत असणार? अमेरिका देश नवा नवा होता तेव्हाचा. गावात त्याचा पुतळा आहे म्हणे. जमालला हे भारी आवडलं. शुक्रवारी जमातीसमोर पोरीने भाषण करायचं, त्याने ठरवूनच टाकलं. मराठीतून. म्हणजे माणसं म्हणतील, बघा, अमेरिकन शाळेत शिकते पण माती विसरली नाही.

मग मराठी करून कोण देणार? मेहविश कागद घेऊन स्वयंपाकघरात आली आणि ओट्याला टेकून कर्नलची गोष्ट सांगू लागली. झरीन मसाला भाजता भाजता तिचे शब्द सरळ करत होती. कर्नल हार्कर शेतकऱ्याचा मुलगा. इंग्रज राजाविरुद्ध लढाई सुरू झाली तेव्हा पहिल्या दिवशी बंदूक घेऊन गेला. बर्फात लढला, पायाला गोळी लागली, तरी घोड्यावरून उतरला नाही. लढाई जिंकल्यावर लोकांनी त्याला निवडून दिलं, एकदा नव्हे, सहादा. सभेत उभा राहिला की दोन-दोन तास बोलायचा. माणूस जन्मतो तो मोकळा जन्मतो, कुणी कुणाचा मालक नाही, असं त्याचं मोठं वाक्य होतं. ते वाक्य पुतळ्याखाली कोरलंय.

झरीनला माणूस आवडला. खरंच आवडला. तिने विचारलं, बर्फात त्याच्याबरोबर कोण होतं? एवढ्या जखमी माणसाला घोड्यावर कोणी बसवलं?

मेहविशने कागद उलटा केला. मागच्या बाजूला टीचरने आणखी काही लिहिलं होतं. त्याच्याबरोबर प्रिमस होता, ती म्हणाली. त्याचा सर्व्हंट. नाही, सर्व्हंट नाही खाला, ओन केलेला. विकत घेतलेला.

पुढचं पोरीने अडखळत सांगितलं, आणि झरीनने कढई खाली उतरवली. कर्नलने प्रिमसला सांगितलं होतं, माझ्याबरोबर लढाईला चल, परत आलो की तुला मोकळं करतो. प्रिमस सात वर्षं त्याच्याबरोबर राहिला. एकदा कर्नलवर तलवारीचा वार आला तो त्याने गालावर झेलला. परत आले. कर्नल म्हणाला, कापणी होऊ दे. कापणी झाली. मग म्हणाला, निवडणूक होऊ दे. मग मुलीचं लग्न. मग दुसरी निवडणूक. बारा वर्षं अशी गेली आणि एका सकाळी प्रिमस निघून गेला. माणूस जन्मतो तो मोकळा जन्मतो म्हणणाऱ्या कर्नलने पेपरात जाहिरात दिली. टीचरने ती जशीच्या तशी उतरवून दिली होती. माझा माणूस प्रिमस पळाला आहे. वय चाळिशीचं. डाव्या गालावर व्रण. बोलायला मृदू. गेला तेव्हा अंगावर माझा जुना निळा कोट होता. आणून देणाऱ्यास दहा डॉलर.

"व्रण," झरीन म्हणाली. "तो व्रण कर्नलसाठीच झालेला ना? आणि त्याच्यावरूनच ओळखा म्हणतो?"

मेहविशने कागद पुन्हा बघितला. तिला ते तोवर सुचलं नव्हतं. मग हळूच म्हणाली की प्रिमस सापडला नाही. अकरा वर्षांनी कर्नल मेला, तेव्हा त्याच्या मृत्युपत्रात लिहिलेलं निघालं, माझा इमानी सेवक प्रिमस याला मी स्वातंत्र्य देतो. आणि पुतळ्याखाली तेही लिहिलंय, की कर्नलने आपल्या सेवकाला मुक्त केलं.

झरीन हसली. असं हसली, की पोरगी घाबरली. अकरा वर्षांपूर्वी जो आपल्या पायांनी चालत गेला, त्याला हा मेल्यावर सोडतो! आणि दगडावर नाव कुणाचं, तर याचं. वा रे वा.

बुधवारी जमालने भाषण ऐकलं. जाहिरातीचं काढून टाक म्हणाला. थोर माणसाचं वाईट कशाला सांगायचं चारचौघांत? शेवटचं ठेव, सेवकाला मुक्त केलं ते. ते चांगलं आहे. मेहविशने त्याच्यासमोर पेन्सिलने चार ओळी खोडल्या आणि खाली मान घालून खोलीत गेली. झरीन टेबल पुसत होती. तिने मूग गिळले, पण ते पोटात राहीनात.

शुक्रवार उजाडला. जुम्मा झाल्यावर गाड्या लागल्या. पस्तीसेक माणसं, पुरुष दिवाणखान्यात, बायका आतल्या खोलीत, मधलं दार सताड उघडं. सगळी गावची. झरीनच्या नवऱ्याला खांदा दिलेली दोन-तीन माणसंही त्यात होती. त्यांनी तिला ओळखलं, सलाम केला, कशी आहेस विचारलं, आणि तिच्या हातातल्या तबकातून सरबताचे ग्लास उचलले. सगळ्यांत मोठे सकलैनचाचा, ऐंशी वर्षांचे, मत्रहच्या बाजारात पंचावन्न वर्षं मसाल्याचं दुकान चालवलेले. अध्यक्ष कुणीही होवो, जमात त्यांच्या शब्दावर चालायची.

जेवणं झाली. अकणीची वाहवा झाली. सफूरा आतल्या खोलीत बायकांना मसाल्याचं प्रमाण सांगत होती, जसं काही स्वतःच चुलीपाशी उभी राहिली होती. मग जमाल उठला आणि बोलायला लागला. बोलायला तो बरा होता. गावाचं बोलला, मशिदीचं बोलला, मग म्हणाला, की मी अध्यक्ष झालो तर गावची एकही लेक निराधार राहणार नाही. प्रत्येक लेकीच्या बाळंतपणाला जमात गाडी देईल, दवाखाना देईल. माणसांनी माशाअल्ला म्हटलं. झरीन दारात रिकामं तबक धरून उभी होती. लेकीच्या बाळंतपणाला! ह्या माणसाच्या जिभेला हाड नाही हे तिला माहीत होतं, पण इतकी लाज सोडली असेल असं वाटलं नव्हतं.

मग मेहविश आली. पुठ्ठ्याची तीन टोकांची टोपी, सफूराचं निळं जॅकेट, कमरेला लाकडी तलवार. सगळे कौतुकाने सरसावून बसले. पोरीने भाषण चांगलं म्हटलं. बर्फ आला, घोडा आला, गोळी आली. माणूस जन्मतो तो मोकळा जन्मतो, असं म्हणताना तिने मूठ वर केली, तेव्हा टाळ्या पडल्या. शेवटी ती म्हणाली, "आणि कर्नल हार्करने आपल्या सेवकाला, प्रिमसला, मुक्त केलं." पुन्हा टाळ्या. जमाल टाळ्या वाजवत माणसांकडे बघत होता.

"कधी?" झरीनने विचारलं.

टाळ्या चालू होत्या, म्हणून पहिल्यांदा कुणाला ऐकू गेलं नाही. ती दारातून दोन पावलं आत आली, पुरुषांच्या खोलीत, आणि पुन्हा विचारलं. मेहविश, त्याने त्याला कधी मुक्त केलं? सांग ना बेटा सगळ्यांना.

मेहविशने बापाकडे बघितलं. जमाल हसत म्हणाला, झरीन, चहाचं बघ जरा. पण पोरगी लहान असली तरी तिला खोटं बोलता येत नव्हतं, आणि खोडलेल्या चार ओळी तिला पाठ होत्या. तिने सांगितलं. वचनाचं सांगितलं, कापणीचं सांगितलं, दोन निवडणुकांचं सांगितलं, आणि जाहिरात तर शब्द न् शब्द म्हणून दाखवली, व्रणासकट. मग टोपी सरळ करत म्हणाली, मुक्त केलं तेव्हा तो तिथे नव्हताच, तो अकरा वर्षं आधी स्वतःच गेला होता.

जुनी अमेरिकन गोष्ट, त्यात काय एवढं, असं काहींच्या तोंडावर होतं. झरीनने तबक टीपॉयवर ठेवलं. हात रिकामे झाल्यावर तिला बरं वाटलं.

"आता माझी जाहिरात ऐका," ती म्हणाली. "जमालभायना लिहावी लागेल, तर मीच सांगते, त्यांना त्रास नको. नाव झरीन. वय एकेचाळीस. उजव्या मनगटावर भाजल्याचा डाग, मागच्या ईदला ह्याच घरच्या पुलावाचं तेल उडालं त्याचा. मराठी बोलते, हिंदी समजते, स्वयंपाक बरा करते, तो तुम्ही आत्ताच खाल्लाय. गेली तेव्हा अंगावर सफूराचा जुना ड्रेस होता. बत्तीस महिन्यांत एकही सुट्टी घेतली नाही. लेकीला सातवा लागतोय आणि माहेराला कुलूप आहे, म्हणून पळाली. सापडल्यास अझैब्याला आणून द्यावी. घरचीच आहे."

आतल्या खोलीत सफूरा उठून उभी राहिली होती. ती रडायला लागली, की मी हिला बहिणीसारखं ठेवलं, हिने माझी अब्रू चव्हाट्यावर आणली. रडणं खरं होतं, ते वाईटच. तिला खरंच वाटत होतं, की तिने बहिणीसारखं ठेवलंय. कोणीतरी म्हणालं, घरातली गोष्ट घरात बोलावी. दुसरा म्हणाला, बाई, वेळकाळ बघून बोलावं. झरीन त्या माणसाकडे वळली. तिच्या नवऱ्याच्या मयतीला तो सगळ्यांत पुढे होता. तिने त्याला विचारलं, वेळ कुठली ते सांगा, मी तेव्हा बोलते. पंधरा दिवस आहेत. तो पायाकडे बघायला लागला.

खरी गोष्ट अशी होती, की त्या खोलीतल्या निम्म्या माणसांनी आपापली उमेदीची वर्षं कुठल्या तरी अर्बाबच्या, म्हणजे अरब मालकाच्या, कपाटात पासपोर्ट ठेवून काढली होती. आणि आता त्यांतल्याच कितीकांच्या कपाटात दुसऱ्या कुणाचे पासपोर्ट होते. त्यामुळे कुणी कुणाच्या डोळ्याला डोळा देईना. सकलैनचाचा काठीवर हनुवटी टेकून बसले होते. ते वर बघेनात, म्हणून झरीनला वाटलं, हेही त्यांतलेच. आणि ते होतेच. त्यांच्या दुकानातल्या पोरांचे पासपोर्ट त्यांच्या गल्ल्याखाली होते, हे सगळ्या मत्रहला माहीत होतं.

"माझी आई गेली तेव्हा मी मत्रहला होतो," चाचा शेवटी म्हणाले. "पासपोर्ट अर्बाबकडे. तो शिकारीला गेलेला. चौथ्या दिवशी आला. तोवर माती झाली होती." ते जमालकडे न बघता म्हणाले, "जा. घेऊन ये."

जमालने समोरच्या माणसांवरून नजर फिरवली. मतं कुठे बसली आहेत हे त्याला चांगलं कळत होतं. तो वर गेला. कपाट उघडल्याचा आवाज खाली आला. झरीनचे पाय आपोआप जिन्याकडे वळत होते आणि त्याचाच तिला राग येत होता. आता कशाला वळता, मेल्यांनो, बत्तीस महिने कुठे होतात?

जमाल जिन्यावरून खाली आला तोवर त्याचा चेहरा पुन्हा जमालचा झाला होता. हातात निळा पासपोर्ट. खोलीच्या मधोमध उभा राहून त्याने तो असा वर धरला, की मागच्यालाही दिसावा. म्हणाला, की मी तर पुढच्या आठवड्यात हिला खुशीची बातमी देणार होतो. तिकिटाचं बोलून ठेवलं होतं. आपल्या गावची लेक बाळंत होणार आणि मी आईला अडवीन? माझ्या पहिल्या कामाची सुरुवात मी माझ्या घरापासून करतो. परवाच्या विमानाने झरीन जाईल, आणि तिकीट माझ्याकडून.

आणि काय सांगावं, टाळ्या पडल्या. सुटल्यासारख्या पडल्या. सगळ्यांनाच त्या टाळ्या हव्या होत्या. माणूस मोठ्या मनाचा आहे, कुणीतरी म्हणालं. दुसरा म्हणाला, मग अध्यक्ष दुसरा कोण असणार? तिसऱ्याने हात वर केला, चौथ्याने केला, आणि बघता बघता खोलीभर हात वर झाले. सकलैनचाचांचा नाही झाला, पण त्याने काही अडत नव्हतं. जमाल नम्रपणे छातीवर हात ठेवून वाकला आणि मग झरीनकडे वळून त्याने पासपोर्ट पुढे केला, ईदी द्यावी तसा. ती घेऊन दुवा देईल म्हणून सगळे बघत होते.

झरीनने पासपोर्ट घेतला. उघडला. स्वतःचा फोटो बघितला, तारीख बघितली, सगळं नीट होतं. ती तस्कीनच्या सातव्याला पोचणार होती. आनंद व्हायला हवा होता, आणि तो झालाही असता, पण त्या टाळ्यांनी तिच्या अंगाचा नुसता भडका उडाला. ह्यांनी पुतळाच उभा केला की. जागच्या जागी, ती अजून घरात उभी असताना.

तिने पासपोर्ट ड्रेसच्या गळ्यातून आत ठेवला. मग मेहविशकडे गेली. पोरगी टोपी हातात धरून भिंतीला टेकली होती, डोळे भरलेले. झरीनने तिच्या खिशातली पेन्सिल काढून तिच्या बोटांत दिली आणि भाषणाचा कागद तिच्यासमोर उलटा केला, कोऱ्या कडेवर बोट ठेवलं. टाळ्या थांबल्या, कारण ही बाई काय करतेय ते कुणाला कळेना.

"लिही बेटा," ती म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "तुझं मराठी कच्चं आहे, म्हणून सावकाश सांगते. जमालने दिला नाही. झरीनने घेतला."

मेहविशने बापाकडे बघितलं, मग कागदाकडे, आणि लिहायला लागली.